ताऱ्यांची जात मोडणारे मेघनाद साहा

१६ फेब्रुवारी ही तारीख कुठल्या बुद्धविहाराच्या फलकावर लिहिलेली आम्ही आजवर पाहिली नाही. जयंत्या आणि स्मृतिदिनांची आपली यादी मोठी आहे आणि ती मोठी असायलाच हवी. ज्यांचा इतिहास पुसला गेला त्यांना तारखा जपाव्याच लागतात. पण त्या यादीत शास्त्रज्ञांची नावे शोधायला जावे तर हाती फारसे काही लागत नाही. म्हणून या स्तंभात आज आम्ही डॉ. मेघनाद साहा यांची आठवण काढत आहोत. १९५६ साली याच तारखेला दिल्लीत, नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जात असताना, राष्ट्रपती भवनाच्या परिसरात त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. लहानपणी ज्यांना जातीमुळे वेगळे बसवले गेले आणि मोठेपणी ज्यांच्या विद्वत्तेपुढे जगाने मान लववली, असे दोन विद्वान देशाने त्या एका वर्षात गमावले.

शाळेच्या पुस्तकात साहांचे नाव येते, नाही असे नाही. थोर भारतीय शास्त्रज्ञ, अमुक साली जन्म, अमुक समीकरण, एवढ्यावर धडा संपतो. त्यांना कुणी आणि का वेगळे जेवायला लावले, हे त्या धड्यात नसते. त्यांचे समीकरण नेमके काय सांगते, हेही नसते. आमच्या मते या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय मेघनाद साहा कळत नाहीत.

साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातल्या शेओराताली या खेड्यात झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील जगन्नाथ साहा यांचे छोटेसे वाण्याचे दुकान होते. आई भुवनेश्वरी देवी. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. बंगालच्या जातीच्या उतरंडीत साहा मंडळींना खालच्या पायरीवर ठेवलेले. त्यांच्या पंक्तीला उच्चवर्णीय बसत नसत. मुलाने थोडे लिहायला-वाचायला शिकावे, हिशेब यावा आणि दुकानावर बसावे, एवढीच वडिलांची अपेक्षा होती. यात त्यांना दोष देता येत नाही. ज्या घरात आठ तोंडे आणि एक दुकान, त्या घरात शिक्षण ही चैन वाटते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

त्यांच्या नावाची हकिकत त्यांचे चरित्रकार सांगतात ती मोठी बोलकी आहे. जन्माच्या वेळी वादळ-पाऊस सुरू होता म्हणून मुलाचे नाव ठेवले मेघनाथ, म्हणजे मेघांचा स्वामी इंद्र. पुढे कळत्या वयात या मुलाने स्वतःचे नाव बदलून मेघनाद केले. मेघनाद म्हणजे रावणाचा मुलगा, इंद्राला जिंकणारा इंद्रजित. अक्षर एकच बदलले, पण बाजू बदलली. मायकेल मधुसूदन दत्त यांच्या १८६१ सालच्या महाकाव्याने बंगालमध्ये या मेघनादाला आधीच नायक केले होते. महात्मा फुल्यांनी ज्या बळीराजाला आपला मानले, त्या बळीराजाच्याच कुळातले हे नाव आहे. पुराणांनी ज्याला राक्षस ठरवले त्याचे नाव एका शूद्र मानल्या गेलेल्या मुलाने आपणहून घेतले, याचा अर्थ आपल्याला लगेच कळतो.

गावातली प्राथमिक शाळा संपली तेव्हा पुढची शाळा शिमुलिया या गावी, सुमारे १० किलोमीटरवर. रोज जाणे-येणे शक्य नव्हते आणि राहण्याचा खर्च घराला झेपणारा नव्हता. थोरले भाऊ जयनाथ यांनी खटपट केली आणि शिमुलियाचे डॉक्टर अनंतकुमार दास यांनी मुलाला घरी ठेवून घेतले. जेवणखाण फुकट. अट एवढीच की आपले ताट आपण घासायचे आणि गाईची निगा राखायची. त्या डॉक्टरांचे उपकार साहा जन्मभर विसरले नाहीत आणि आम्हीही ते नाकारत नाही. पण मदत करणाऱ्या भल्या माणसाच्या घरातही या मुलाचे ताट वेगळेच राहिले, हे नोंदवून ठेवले पाहिजे. व्यवस्था म्हणतात ती हीच. तिला दुष्ट माणसांची गरज लागत नाही, भली माणसेही तिचे काम बिनबोभाट करतात.

त्या शाळेतून मेघनाद ढाका जिल्ह्यात पहिला आला. महिना ४ रुपयांची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०५ साली तो ढाक्याच्या कॉलेजिएट स्कूलमध्ये दाखल झाला. तागाच्या गिरणीत महिना २० रुपयांवर काम करणारे जयनाथ त्यातले ५ रुपये भावाला पाठवत. वैश्य समितीकडून आणखी २ रुपये मिळत. असे ११ रुपयांत महिना चालायचा. तेवढ्यात बंगालच्या फाळणीविरुद्धचे आंदोलन पेटले. गव्हर्नर फुलर यांच्या भेटीवरील बहिष्कारात सामील झाल्याच्या ठपक्यावरून मेघनादला शाळेतून काढले आणि शिष्यवृत्तीही गेली. बारा वर्षांच्या गरीब मुलाला सरकारने दिलेली ही शिक्षा होती. किशोरीलाल जुबिली स्कूलने त्याला घेतले म्हणून शिक्षण टिकले. १९०९ च्या प्रवेश परीक्षेत पूर्व बंगालच्या विद्यार्थ्यांत तो पहिला आला.

१९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे शिक्षक, सत्येंद्रनाथ बोस हे वर्गमित्र. एवढी गुणवान मंडळी एका छताखाली. राहायला ईडन हिंदू हॉस्टेल. आणि इथे, देशाच्या राजधानीत, शिकल्यासवरलेल्या तरुणांच्या वसतिगृहात, उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी मेघनादसोबत एका खोलीत जेवायला नकार दिला. सरस्वती पूजेच्या दिवशी त्यांना पूजेत सामील होऊ दिले नाही. विद्येची देवता म्हणून जिची पूजा, तिच्याजवळ जायला वर्गातल्या सर्वात हुशार विद्यार्थ्यांपैकी एकाला बंदी! ज्या फुले दांपत्याने १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली त्यांचा वारसा सांगणाऱ्यांना या प्रसंगाचे आश्चर्य वाटणार नाही. बाबासाहेबांना बडोद्यात, कोलंबियाची पदवी खिशात असताना, राहायला जागा मिळाली नव्हती. पदवी मिळाली म्हणजे जात सुटली असे या देशात कधी झाले नाही.

साहांनी १९१३ साली बी.एस्सी. आणि १९१५ साली एम.एस्सी. केले. दोन्ही वेळा पहिले सत्येंद्रनाथ बोस, दुसरे मेघनाद साहा. सरकारी वित्त खात्याच्या परीक्षेला बसायचे होते, पण क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून परवानगी मिळाली नाही. मग सायकलवरून कलकत्त्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला शिकवण्या करत फिरणे सुरू झाले. १९१६ साली आशुतोष मुखर्जी यांनी नव्या सायन्स कॉलेजात या दोन्ही तरुणांना अध्यापक म्हणून घेतले. युद्धाचा काळ, नवी जर्मन पुस्तके दुर्मीळ, प्रयोगशाळा जवळपास रिकामी. साहा स्वतः शिकत आणि दुसऱ्या दिवशी तेच विद्यार्थ्यांना शिकवत. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरच्या निबंधांचा इंग्रजी अनुवाद बोस आणि साहा यांनी केला आणि १९२० साली कलकत्ता विद्यापीठाने तो छापला. त्याआधी साहांनी प्रकाशाच्या दाबावर एक मोठा निबंध अमेरिकेच्या नियतकालिकाला पाठवला होता. तो पूर्ण छापायचा तर खर्चाचा वाटा उचला, असे उत्तर आले. तेवढे पैसे या तरुण अध्यापकाकडे नव्हते. निबंध पूर्ण छापला गेलाच नाही. गरिबी माणसाला उपाशी ठेवते हे आपल्याला माहीत आहे. ती विचारालाही छापखान्याच्या दाराबाहेर उभे करते, हे इथे दिसते.

आता त्या समीकरणाकडे येऊ, ज्यामुळे साहांचे नाव जगभर झाले. वाचकांनी हा भाग ओलांडून पुढे जाऊ नये अशी विनंती आहे, कारण आमच्या म्हणण्याचा गाभा इथेच आहे.

सूर्याचा प्रकाश लोलकातून नेला की सात रंगांचा पट्टा पडतो. त्याला वर्णपट म्हणतात. नीट पाहिले तर त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. जसे अंगठ्याचे ठसे, तसे हे त्या द्रव्याचे ठसे. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत ॲनी कॅनन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी लक्षावधी ताऱ्यांचे वर्णपट तपासून त्यांचे वर्ग पाडले. काही ताऱ्यांत हेलियमच्या रेषा ठळक, काहींत हायड्रोजनच्या, काहींत लोखंड-कॅल्शियमसारख्या धातूंच्या. मग प्रश्न आला की हे तारे वेगवेगळ्या द्रव्यांचे बनले आहेत काय? ज्याच्यात जे दिसते तेच त्याच्यात भरलेले, असे समजणे सोपे होते. वर्णपटावरून वर्ग आणि वर्गावरून ताऱ्याचा पिंड ठरवायचा. म्हणजे ताऱ्यांचीही जात!

१९२० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, साहांनी लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये सूर्याच्या बाह्य वातावरणाविषयी जो निबंध छापला, त्याने या समजुतीचा पाया काढून घेतला. अणूच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन. उष्णता वाढली की अणू एकमेकांवर आदळतात आणि इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतो. मागे उरतो तो आयन. या क्रियेला आयनीभवन म्हणतात. इलेक्ट्रॉन सुटला की त्या द्रव्याचे ठसेही बदलतात. म्हणजे द्रव्य तेच, पण त्याची ओळख बदलली. किती तापमानाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील याचे गणित साहांनी मांडले. त्यांनी दाखवले की एकट्या तापमानावर हे ठरत नाही, दाबही तितकाच महत्त्वाचा. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब कमी असतो म्हणून पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते. तसेच दाब कमी असेल तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला परत पकडणारा आयन जवळपास भेटत नाही आणि तो मोकळाच राहतो. सूर्याच्या वरच्या विरळ थरात आयन झालेले कॅल्शियम इतके का दिसते, हे कोडे यातून सुटले.

याचा अर्थ असा की तारे वेगवेगळे दिसतात ते त्यांचे द्रव्य वेगळे म्हणून नव्हे, तर त्यांचे तापमान आणि दाब वेगळे म्हणून. १९२५ साली हार्वर्डमध्ये सिसिलिया पेन या तरुणीने साहांचेच समीकरण वापरून सिद्ध केले की निरनिराळ्या वर्गांतल्या ताऱ्यांची घडण जवळपास सारखीच आहे आणि त्यात सर्वाधिक वाटा हायड्रोजनचा आहे. तिच्या काळातल्या मोठ्या शास्त्रज्ञांना हे पटले नाही. काही वर्षांनी त्यांना ते मान्य करावे लागले. बंगालमधला जातीने हिणवलेला एक तरुण आणि बाई म्हणून मागे ठेवलेली एक इंग्रज तरुणी, या दोघांनी मिळून ताऱ्यांची जात मोडली.

माणसांबद्दलही हेच खरे नाही काय? एका समाजात लेखक-न्यायाधीश दिसतात आणि दुसऱ्या समाजात सफाई कामगार दिसतात, यावरून पिंडच वेगळा असे म्हणणारे आजही कमी नाहीत. गुणवत्तेच्या नावाने आरक्षणाविरुद्ध ओरडणारे दुसरे काय म्हणतात? द्रव्य एकच आहे, तापमान आणि दाब वेगळा आहे. साहांनी हे माणसांविषयी लिहिले असे आम्ही म्हणत नाही. त्यांचा निबंध सूर्याविषयी होता आणि अर्थ आम्ही लावत आहोत. पण ज्याचे ताट वेगळे घासले गेले, त्याच माणसाने हा नियम शोधावा, हा योगायोग आम्हाला विसरता येत नाही.

या आयनीभवनाची गोष्ट ताऱ्याच्या पृष्ठभागावर संपत नाही. फेब्रुवारीत संध्याकाळी मृग नक्षत्र डोक्यावर येते. त्यातले बाणासारखे ओळीत असलेले तीन तारे शेतकरीही ओळखतो. त्यांच्या जरा खाली एक अंधूक ठिपका दिसतो. तो तारा नाही, तो तेजोमेघ आहे, सुमारे १३०० ते १४०० प्रकाशवर्षे दूर. त्याच्या पोटात काही अतिशय तप्त, तरुण तारे आहेत. त्यांच्या जंबुपार किरणांनी भोवतालच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि तो वायू चमकू लागतो. अशा ताऱ्याचा हा प्रभाव किती अंतरापर्यंत पोचतो याचे गणित १९३९ साली डेन्मार्कच्या बेंग्ट स्ट्रोमग्रेन यांनी केले. ताऱ्याच्या आत साहांचे समीकरण जसे लागते तसे या विरळ वायूत जसेच्या तसे लागत नाही, त्यात बदल करावे लागतात. पण वाट साहांनी दाखवलेलीच होती.

या प्रदेशाचे शेजारी कोण? काळोखे, दाट, थंडगार मेघ. आयनीभूत वायूचे तापमान सुमारे १०,००० अंश, तर शेजारच्या मेघाचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम १० ते २० अंश. तापलेला वायू फुगतो आणि शेजारच्या मेघाला ढकलतो. ढकलता ढकलता पुढे वायू-धुळीची भिंत गोळा होते. ती पुरेशी जड झाली की स्वतःच्याच वजनाने ठिकठिकाणी कोसळते आणि त्या गाठींत नवे तारे जन्मतात. एल्मग्रीन आणि लाडा यांनी १९७७ साली ही कल्पना गणितासह मांडली. कधी मेघात आधीच असलेली गाठ बाहेरून तापते, तिचा वरचा थर उडून जातो आणि आतला भाग दाबला जाऊन तारा होतो. १९९५ साली हबल दुर्बिणीने टिपलेल्या गरुड तेजोमेघातल्या खांबांचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. ते खांब म्हणजे अशाच किरणांनी झिजत चाललेले दाट मेघ आहेत. काहींच्या टोकाशी नवे तारे घडताना दिसले आहेत.

पण याला दुसरी बाजूही आहे. तोच तप्त वायू मेघाला उधळूनही लावतो. मेघ विरला की तिथे नवा तारा जन्मत नाही. एकच आग, कुठे ती पुढची पिढी घडवते, कुठे पुढच्या पिढीचे साहित्यच उडवून लावते. कुठे काय घडेल हे मेघ किती दाट आणि तारा किती जवळ यावर अवलंबून. एखाद्या जागी दिसणारा नवा तारा या दाबामुळे जन्मला की तसाही जन्मलाच असता, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. हे काम पाहायला लांब जावे लागत नाही. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, नारायणगावजवळ, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. धुळीआड दडलेले असे आयनीभूत प्रदेश तिच्यातून पाहिले जातात. तिच्या शेजारच्या गावातली आपली किती मुले ती आतून पाहून आली आहेत, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या गावात विचारावा.

साहा १९२० मध्ये युरोपला गेले. लंडनमध्ये आल्फ्रेड फाउलर आणि बर्लिनमध्ये नर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळांत काम करून १९२१ मध्ये परतले. १९२३ पासून १५ वर्षे ते अलाहाबाद विद्यापीठात होते. तिथे साधने नव्हती, पैसे नव्हते, शिकवण्याचा भार मोठा. या काळात त्यांच्या समीकरणावर पुढचे काम केंब्रिज आणि अमेरिकेत झाले, कारण दुर्बिणी तिकडे होत्या. १९२७ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. नोबेलसाठी त्यांचे नाव १९३० पासून एकाहून अधिक वेळा सुचवले गेले, सुचवणाऱ्यांत आर्थर कॉम्प्टनही होते. पारितोषिक मिळाले नाही. पण अलाहाबादला त्यांनी विद्यार्थी घडवले. ज्यांच्या नावाचा शिक्षण आयोग आपल्याकडे प्रसिद्ध आहे ते दौलतसिंग कोठारी त्यांचेच विद्यार्थी. अलाहाबादची विज्ञान अकादमी, सायन्स अँड कल्चर हे मासिक, कलकत्त्याची अणुभौतिकी संस्था ही त्यांची उभारणी. त्या संस्थेचे उद्घाटन १९५० साली आयरीन जोलिओ-क्युरी यांनी केले आणि आज ती साहांच्या नावाने ओळखली जाते. १९३४ च्या विज्ञान परिषदेचे अध्यक्ष म्हणून ते मुंबईला आले तेव्हाही त्यांनी देशपातळीवरच्या अकादमीची मागणी मांडली होती.

धर्माच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीची त्यांना चीड होती. त्यांचे काम समजून घ्यायला आलेल्या ढाक्याच्या एका वकिलाने सगळे ऐकून घेतले आणि म्हटले की यात नवीन काही नाही, हे सारे वेदांत आहेच. वेदांत कुठे, असे साहांनी विचारले तेव्हा गृहस्थांनी कबूल केले की वेद त्यांनी वाचलेले नाहीत. साहांनी ही गोष्ट लिहून ठेवली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस भारतवर्ष या बंगाली मासिकात अनिलबरण राय यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला. प्राचीन ग्रंथ साहांनी स्वतः वाचले होते, त्यामुळे त्यांना अडाणी ठरवणे विरोधकांना जमले नाही. बाबासाहेबांनीही हिंदू धर्मग्रंथांची चिकित्सा ते ग्रंथ वाचूनच केली. विमाने आणि प्लॅस्टिक सर्जरी पुराणांत शोधणाऱ्यांना उत्तर द्यायचे तर हाच मार्ग आहे. आरडाओरडा करून ते होणार नाही, अभ्यास करावा लागेल.

साहांनी विज्ञान प्रयोगशाळेत कोंडून ठेवले नाही. लहानपणी पूर पाहिलेल्या या माणसाने १९२२ च्या उत्तर बंगालच्या पुरात मदतकार्य केले आणि पुढे नद्यांचा अभ्यास केला. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला. चौकशी समितीत साहा होते. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर दामोदरचे नियोजन व्हावे असा त्यांचा आग्रह होता. त्याच वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री म्हणून पाटबंधारे आणि वीज ही खाती बाबासाहेबांकडे होती. दामोदर योजनेच्या परिषदा १९४५ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाल्या आणि १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. एकाचे शास्त्र आणि दुसऱ्याचे प्रशासन एकाच नदीपाशी येऊन मिळाले. धरणांत ज्या आदिवासींच्या जमिनी गेल्या त्यांचे दुःख मात्र या योजनेच्या हिशेबात नीट धरले गेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत साहा अपक्ष म्हणून कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आले. त्याच निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला आणि ते राज्यसभेत गेले. साहांनी लोकसभेत निर्वासितांचे प्रश्न मांडले आणि १९५४ साली अणुशक्तीच्या कारभारावर चर्चा घडवून आणली. पंचांग सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. देशात सुमारे ३० पंचांगे चालत होती आणि ऋतूंच्या मानाने ती २३ दिवसांनी चुकलेली होती. समितीने १९५५ साली अहवाल दिला. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने स्वीकारलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका ही या समितीचीच देणगी. ती लागू झालेली पाहायला साहा नव्हते. मुहूर्त काढणाऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली यात नवल नाही.

साहांना घाईने आपल्या खात्यात जमा करून टाकावे असे आमचे म्हणणे नाही. साहा समाज बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत नाही आणि साहा आंबेडकरी चळवळीत नव्हते. त्यांची वाट वेगळी होती. पण ज्या आगीतून ते गेले ती आपल्या ओळखीची आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातून रोहित वेमुला आपल्याला सोडून गेला. कार्ल सेगनसारखे विज्ञानलेखक व्हायचे त्याचे स्वप्न होते. त्याच्या शेवटच्या पत्रात विज्ञानाचे आणि ताऱ्यांचे वेड होते आणि थकलेल्या शिष्यवृत्तीची नोंदही होती. ढाक्यात १९०५ नंतर मेघनादची शिष्यवृत्ती गेली तेव्हा त्याला दुसऱ्या शाळेने घेतले. शंभर वर्षांनंतर आमच्या रोहितला कुणी घेतले? किती मेघनाद आपण वसतिगृहांत गमावले असतील, याची गणती कुणाकडे आहे?

हा प्रश्न सरकारला विचारायचा आहेच. पण तो आपल्यातल्या शिकलेल्यांनाही विचारायचा आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्ऱ्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी उघड निराशा व्यक्त केली होती. तप्त ताऱ्याची गोष्ट इथे पुन्हा आठवावी. तो आपल्या मेघातूनच जन्मतो. त्याच्या तेजाने शेजारचा मेघ एकवटून नवे तारे जन्मतात, नाहीतर तोच मेघ उधळला जातो. आपल्यातला जो डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी वस्ती सोडून गेला आणि परत फिरकला नाही, त्याच्या उजेडाचा वस्तीला काय उपयोग? आणि जो शनिवारी-रविवारी विहारात येऊन दहावीच्या मुलांना गणित-विज्ञान शिकवतो, त्याच्या भोवती चार वर्षांत किती मुले उभी राहतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ताऱ्याला निवड नसते, माणसाला असते.

तेव्हा यंदाच्या फेब्रुवारीत एक साधी गोष्ट करावी. विहाराच्या गच्चीवर मुलांना बोलवावे, मृगाचा तो अंधूक ठिपका दाखवावा आणि ताट वेगळे घासणाऱ्या मुलाची गोष्ट सांगावी. फलकावर १६ फेब्रुवारी ही तारीख लिहावी. एका तरी मुलाच्या पुस्तकांचा आणि फीचा भार, जयनाथांनी उचलला तसा, आपल्यापैकी कुणीतरी उचलावा. डॉ. मेघनाद साहा यांना तेच खरे अभिवादन ठरेल.